टाकीचं झाकण



सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत आमची जुनी शिडाची बोट आहे. एकदा गोल्डन गेट पुलाजवळ वारा पडला, ओहोटी समुद्राकडे ओढू लागली आणि नेमकं इंजिन बंद पडलं. बरोबर लेक होती. डिझेलचा फिल्टर काळ्या, चिकट गाळानं तुंबला होता. तो बदलला, तेव्हा कुठे इंजिन सुरू झालं.

टाकीच्या तळाशी पाणी साचतं. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं जंतू वाढतात आणि लाटांनी तळ ढवळला की तो गाळ थेट फिल्टरमध्ये येतो. आमच्या टाकीत हात घालायला जागाच नव्हती. मग ती रिकामी केली, वारं खेळू दिलं आणि वरच्या पत्र्याला, आतल्या प्रत्येक कप्प्यासाठी एकेक, अशी भोकं पाडली. (पेट्रोलच्या टाकीवर हे कुणी करू नका!) गाळ आणि पत्र्याचा कीस काढून, नायट्राइल रबराचं गॅस्केट घालून झाकणं बोल्टनं आवळली. आता दरवर्षी उघडून बघते.

गणिताच्या बाई आधी वहीचं मागचं पान बघायच्या, कच्चं काम तिथं असायचं म्हणून. बाई, तेव्हा राग यायचा. आज तुमच्यासमोर कबूल करते, तुमचंच बरोबर होतं.