कमांड कोणाकडे?

फौजेत दोन तुकड्यांची संयुक्त कारवाई ठरली की पहिला प्रश्न एकच असतो : कमांड कोणाकडे? त्यामुळे दोन पोलिसी मालिका एकत्र येतात तेव्हा खुनी कोण यापेक्षा हुकूम कोणाचा चालला, हेच मी आधी शोधतो. आपल्याकडे ‘सीआयडी’ आणि ‘अदालत’ २०१२ मध्ये समोरासमोर आल्या, ते तुम्ही पाहिलं असेल. आज त्याच्याही आधीची, अमेरिकेतली गोष्ट.

एनबीसी वाहिनीवर डिक वुल्फ यांची ‘लॉ अँड ऑर्डर’ न्यूयॉर्कची, तर टॉम फोंटाना आणि बॅरी लेव्हिन्सन यांची ‘होमिसाइड’ बाल्टिमोरची. दोन्हींचे जोडभाग तीनदा झाले : फेब्रुवारी १९९६, नोव्हेंबर १९९७, फेब्रुवारी १९९९. महिने नीट बघा. प्रेक्षकसंख्या मोजून जाहिरातींचे दर ठरायचे, त्यांतलेच हे महिने! ‘होमिसाइड’चं समीक्षक कौतुक करत, पण प्रेक्षक कमी. तिला कुमक हवी होती.

रंगीत तालीम १९९५ मध्येच झाली होती. ‘होमिसाइड’च्या एका भागात न्यूयॉर्कचा डिटेक्टिव्ह लोगन रेल्वे स्टेशनवर एक कैदी बाल्टिमोरच्या ताब्यात देतो. काही मिनिटांचं काम. तो कैदी झालाय कोण, तर बाल्टिमोरचेच सिनेदिग्दर्शक जॉन वॉटर्स.

१९९६ मध्ये अर्धी कथा बुधवारी न्यूयॉर्कमध्ये, उरलेली शुक्रवारी बाल्टिमोरमध्ये. विषय भुयारी रेल्वेतल्या विषारी वायूचा. टोकियोतला तसा हल्ला मार्च १९९५ चा, म्हणजे जखम ताजीच. दुसऱ्या भागातला खलनायक, कर्नल राउश, साकारलाय जे. के. सिमन्स यांनी. खलनायक कर्नल असला की मला जरा टोचतं, पण माणसाने काम चोख केलंय. गंमत म्हणजे हेच सिमन्स पुढे ‘लॉ अँड ऑर्डर’मध्ये पोलिसांच्या मदतीला येणारे मानसोपचारतज्ज्ञ झाले!

‘होमिसाइड’चं चित्रीकरण खांद्यावरच्या कॅमेऱ्याने, बाल्टिमोरच्या खऱ्या रस्त्यांवर चाले. एकदा दुकानातून पळालेला खरा चोर थेट या नटांसमोर आला आणि पोलिस समजून शरण गेला. वेशभूषा खात्याला यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कुठलं?

१९९९ मध्ये ‘होमिसाइड’ बंद झाली. युनिट मोडलं की जवानाची रवानगी दुसरीकडे होते, तशी डिटेक्टिव्ह मंचची झाली. हे काम करणारे रिचर्ड बेल्झर यांना मूळ ‘लॉ अँड ऑर्डर’मध्ये ब्रिस्कोचा जोडीदार व्हायचं होतं. जोडभागांत मंचच्या घटस्फोटित बायकोवरून या दोघांची जुंपते, ती प्रेक्षकांना आवडलीही होती. पण ती जागा जेसी एल. मार्टिन यांना दिली गेली होती. मग वुल्फ यांनी त्यांना नव्या ‘एसव्हीयू’ मालिकेत घेतलं. पात्र मात्र दुसऱ्याच्या पलटणीतलं, म्हणून त्याच्या निर्मात्यांची संमती लागली. फौजेत निदान बदलीचा हुकूम तरी एका सहीवर निघतो!

मंच तिथे २०१३ पर्यंत टिकला. आता खरी गंमत. हे पात्र बेतलं होतं बाल्टिमोरच्या जे लँड्समन या खऱ्या डिटेक्टिव्हवर. पुढे ‘द वायर’ मालिकेत लँड्समन स्वतः उतरले, पण वेगळ्या नावाने. आणि त्यांच्या नावाचं पात्र मात्र दुसऱ्याच नटाने केलं. त्याच मालिकेच्या शेवटच्या हंगामात, २००८ मध्ये, बाल्टिमोरच्या एका बारमध्ये मंचही क्षणभर दिसतो. जुन्या शहरात परत, हुज्जत घालत.