शटलवर्थची तबकडी



इंटरनेटवर बँकेचं काम करताना पत्त्याशेजारी अनेकदा छोटंसं कुलूप दिसतं. समोरची वेबसाइट खरोखर त्याच पत्त्याची आहे, असा दाखला त्यामागे असतो. असे दाखले देणारी ‘थॉट’ ही कंपनी १९९५ मध्ये मार्क शटलवर्थ या विद्यार्थ्यानं दक्षिण आफ्रिकेत, आईवडिलांच्या गॅरेजमध्ये सुरू केली. चार वर्षांनी अमेरिकेच्या व्हेरिसाइननं ती ५७ कोटी ५० लाख डॉलरना घेतली. मार्क तेव्हा २६ वर्षांचा होता.

मग त्यानं अंतराळात जायची लहानपणापासूनची हौस पुरी केली. सुमारे दोन कोटी डॉलर मोजून, रशियातल्या स्टार सिटी या अंतराळवीर प्रशिक्षण केंद्रात रीतसर प्रशिक्षण घेऊन, रशियन भाषा शिकून तो २५ एप्रिल २००२ रोजी बायकोनूरच्या प्रक्षेपण तळावरून सोयूझ यानानं निघाला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर त्यानं एड्सविषयीच्या संशोधनात भाग घेतला, तो रेडिओवरून नेल्सन मंडेलांशी बोलला. याला श्रीमंताची चैन म्हणणारे म्हणोत. इतकी मेहनत घेऊन केलेल्या प्रवासाला मी चैन म्हणणार नाही.

पण मला त्याचं मोठेपण दिसतं ते जमिनीवरच्या कामात. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा इंटरनेट महाग आणि संथ. मोफत सॉफ्टवेअर असूनही ते उतरवून घेणार कसं? त्याच्या प्रतिष्ठाननं ‘फ्रीडम टोस्टर’ नावाची यंत्रं जागोजागी बसवली. कोऱ्या सीडी घेऊन जायचं, पडद्यावर हवं ते निवडायचं, सीडी भरून घरी न्यायची. पैसे द्यायचे नाहीत, परवानगी मागायची नाही.

ऑक्टोबर २००४ मध्ये त्यानं ‘उबुंटू’ ही लिनक्सवर आधारलेली संगणकप्रणाली आणली, तीही मोफत. मागेल त्याला तिची तबकडी टपालानं घरपोच मिळे, टपालखर्चही त्याच्याच नव्या कंपनीचा. २०११ पर्यंत हे चाललं. एका तबकडीवरून अख्ख्या वसतिगृहातले संगणक सुरू करा, प्रती काढून वाटा, कुणाची हरकत नाही. इमारतीवर नाव कोरून घेणारे दाते पुष्कळ असतात. घेणाऱ्यालाच दाता करणारं हे दान मला फार मोलाचं वाटतं.

तुमच्या घरी जुना संगणक धूळ खात पडला असेल, तर त्यावर उबुंटूची एखादी हलकी आवृत्ती घालून बघा. तिच्यात मराठीही निवडता येते. आणि संगणक चालू झाला, तर तो जवळच्या शाळेला देऊन टाका.