मांडोला घर लागते



संगीत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बैठक उभी राहते. इथून फार दूर नसलेल्या षण्मुखानंद सभागृहात आपण जातो तेव्हा कलावंत वर बसतो, आपण खाली बसतो, आणि वरून जे येईल ते कृतज्ञतेने घेतो. हा क्रम योग्यच आहे. परंतु संगीताचे दुसरेही एक बिऱ्हाड आहे. तिथे घरचीच माणसे गातात, घरचीच वाजवतात आणि घरचीच ऐकतात. त्या बिऱ्हाडाची एक हकिगत आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत. ती आहे साष्टीच्या मांडोची आणि त्याला साथ करणाऱ्या व्हायोलिनची. साष्टी म्हणजे आपल्या मुंबईच्या उत्तरेची नव्हे. मडगाव ज्यात आहे ती, गोव्याची.

मांडो हे कोकणी गीत एकोणिसाव्या शतकात लोटली, कुडतरी, राय, बाणावली अशा गावांतल्या ख्रिस्ती घरांत वाढले. त्याची लय संथ, आणि विरह, मीलन व विलाप हे त्याचे आवडते विषय. स्त्रीपुरुष समोरासमोर दोन ओळी करून गात गात नाचतात. दोन आवाज एकाच वेळी दोन निराळ्या स्वरांवरून, पण हातात हात घालून चालतात. मुख्य सूर व्हायोलिन उचलून धरते आणि खाली घुमट बोलत असते. मांडो संपला की पाठोपाठ चपळ दुलपदे येतात आणि मघाशी डोळे पुसणारे घर हसू लागते. लग्न हे या गीताचे हक्काचे स्थान.

आता हे व्हायोलिन घरात आले कोठून? इगर्जीतून. पोर्तुगीज राजवटीत गावच्या इगर्जीला जोडून शाळा असे. तिथला संगीतशिक्षक, ज्याला 'मेस्त' म्हणत, तो मुलांना आधी स्वरलिपी वाचायला आणि गायला शिकवी. वाद्य हाती देई ते मागाहून. हेतू उपासनेच्या गायनापुरता होता. पण एकदा मुलाच्या हाती गज आला म्हणजे तो इगर्जीच्या उंबऱ्यावर ठेवून थोडाच घरी येणार! मांडो फुलला तो मुख्यतः भाटकारांच्या दिवाणखान्यांत, हे खरे. परंतु स्वरलिपीची विद्या गरिबाघरीही पोचली आणि तिनेच पुढे त्या घरांना मुंबई दाखवली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ओवी एकटी बाई जात्यावर म्हणू शकते. मांडोचे तसे नाही. एकाने वरचा सूर धरावा, दुसऱ्याने खालचा, तिसऱ्याच्या हाती व्हायोलिन आणि चौथ्याच्या हाती घुमट. यांतले एक माणूस उठून गेले तरी गीत लंगडे होते. मांडोला घर लागते, आणि तेही भरलेले.

ते माणूस उठून गेले, आणि आले ते आपल्याच शहरात. मूकपटांची थिएटरे, हॉटेले, आणि पुढे बोलपटांचे स्टुडिओ यांना वाचून वाजवणारा वादक हवा होता. संगीतदिग्दर्शकाला चाल सुचे. ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचे काम वाटून देण्यात गोव्याचे संयोजक निष्णात होते. शंकर-जयकिशन यांच्याकडचे सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांतलेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्वीस (१९२७–२०१२) यांचे वडील गावच्या इगर्जीतील गायकवृंदाचे प्रमुख. म्हणजे विद्या घरचीच. १९४३ साली अँथनी मुंबईस आले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला आणि रागांवर आधारलेल्या रचना त्यातून वाजवून घेतल्या. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्याने त्यांचे नाव देशभर दुमदुमले. परंतु ते नाव एका जिवंत वादकाचे आहे, हे गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते?

या हिशेबाची दुसरी बाजू आम्हांस आज मांडायची आहे. मुंबईला व्हायोलिन मिळाले, गावाला मनिऑर्डर मिळाली. पण घरातला एक सूर रिकामा झाला. आणि १९८०नंतर एकाच यंत्रातून अनेक वाद्यांचे आवाज निघू लागले, तेव्हा स्टुडिओतली व्हायोलिनची रांगही विरळ होत गेली. घरून उठलेला वादक असा दोन्हीकडून उपरा झाला.

कोणी म्हणेल, जतन तर झाले आहे! झाले आहे, आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. मिकेल मार्तिन्स आणि जुझे परेरा यांनी ही गीते कष्टाने गोळा केली, म्हणून ती छापील पानावर तरी उरली. १९६०च्या दशकापासून मांडोचे महोत्सव भरू लागले. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर त्याची जागा बकऱ्याच्या कातड्याने घेतली, आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसावाद्याचा मान दिला. म्हणजे कातडे बदलले तरी वाद्य जगले. मग घर बदलले तर गीत जगणार नाही काय?

जगेल, आणि याचे उत्तरही मुंबईतच सापडते. धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या गावांच्या नावांनी 'कुडी' चालत. रक्ताचे नाते नसलेली माणसे तिथे एका गावाच्या नात्याने राहत, एका खोलीत ट्रंका मांडत आणि सायंप्रार्थना एकत्र म्हणत. घर म्हणजे केवळ वंश नव्हे. एकमेकांचा रिकामा सूर भरून काढणारी माणसे जिथे रोज भेटतात, ते घर.

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत देशाच्या अनेक प्रांतांची कुटुंबे राहत आली आहेत. प्रत्येकाने गावी कुठला तरी सूर मागे ठेवला आहे. कोणी भजनातला, कोणी गोंधळातला, कोणी भोंडल्यातला. ध्वनिमुद्रिका तो सूर ऐकवील, पण आपल्याकडून गाऊन घेणार नाही. महोत्सव वर्षातून एकदा येतो. जिना रोज चढावा लागतो. त्या जिन्यावर भेटणाऱ्या शेजाऱ्याला खालचा सूर धरता येतो का, एवढे एकदा विचारून पाहावे. मांडो ज्यांनी राखला त्यांनी याहून मोठे असे काही केले नव्हते. त्यांनी जेवणे आटोपल्यावर एकमेकांना हाका मारल्या होत्या.