पारावरची रिकामी जागा



आमच्या गावात संध्याकाळी वडाच्या पारावर पाच-सहा माणसं जमतात. दोन वर्षांपूर्वी, ऐन कापसाच्या हंगामात, त्यातले एक काकाजी आठ-दहा दिवस दिसले नाहीत. शेतात काम असेल, असं सगळेच म्हणालो. एका दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसले होते. दाढी वाढलेली, समोरच्या चहावर साय धरलेली. बैलांना पाणी दाखवल्याशिवाय स्वतः घोटभर पाणी न पिणारा हा माणूस, आणि बैलं गोठ्यात तहानलेली उभी!

“काकाजी, बरं आहे ना?” मी विचारलं. “बरं आहे,” ते म्हणाले. मी तिथून उठलो असतो तर बोलणं तिथंच संपलं असतं. मी बसून राहिलो. थोड्या वेळानं विचारलं, “झोप लागते का?”

“नाही रे बाबू. तीन वाजता डोळा उघडतो, मग उजाडेपर्यंत आढ्याकडे पाहत पडतो.”

मग मी धीर करून विचारलं, “काकाजी, जीव द्यावासा वाटतो का?” बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “वाटतं कधी कधी.”

श्रोतेहो, असं विचारायची आपल्याला भीती वाटते. विचारल्यानं नसता विचार डोक्यात भरेल, असं वाटतं. तसं होत नाही. मनात दडवलेलं बोलायला वाट मिळते, माणूस थोडा हलका होतो. त्या रात्री त्यांना एकटं सोडलं नाही. काकूंना विश्वासात घेतलं आणि घरातलं फवारणीचं औषध माझ्याकडे आणून कुलपात ठेवलं. सकाळी आम्ही दोघं जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात गेलो.

अशा माणसाला ओळखायचं कसं? त्याची रोजची रीत मोडली का, ते पाहा. झोप उडते, जेवण सुटतं. बोलका माणूस गप्प होतो, शांत माणूस चिडचिड करतो. दारू वाढते. “माझं ओझं झालंय तुम्हाला” असे शब्द तोंडी येतात, निरवानिरवीची भाषा सुरू होते. दोन आठवडे हेच चाललं, तर तो आजार असू शकतो. आणि मरणाची भाषा कानावर आली, तर एक दिवसही थांबू नका.

“मन घट्ट करा”, “लोकांना याहून मोठी दुःखं आहेत”, हे बोल टाळा. त्यानं माणूस आणखी मिटतो. त्याचं ऐका, आणि दवाखान्यात त्याच्यासोबत जा. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात “काही फरक नाही” म्हणून गोळ्या सुटतात. तेव्हा सोबतीची खरी गरज असते.

हे काम गावातली साधी माणसंही करू शकतात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमानं गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून तयार केलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण उपचारांपर्यंत पोहोचत होते. दीड वर्षात ते सत्तावीसवर गेले. कायदाही आता समजून घेतो. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं.

ऑक्टोबर २०२२पासून सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. रात्री-अपरात्री केव्हाही फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुमच्या माणसाबद्दल सल्ला हवा असेल तरी तुम्ही स्वतः फोन करू शकता. क्रमांक लिहून घ्या: एक, चार, चार, एक, सहा. पुन्हा सांगतो: १४४१६.

काकाजी दिवाळीनंतर पुन्हा पारावर येऊ लागले. तुमच्या पारावर, कट्ट्यावर, कामाच्या ठिकाणी आज कोण दिसलं नाही, ते आठवा. उद्यावर ढकलू नका. आजच त्याच्या घरी जा, आणि “बरं आहे” हे उत्तर मिळालं तरी थोडा वेळ बसा.