बर्गंडीच्या बाजारांतील खरेदी



प्रवासाहून परतणारा मनुष्य घरच्या माणसांसाठीं कांहींतरी घेऊन येतो. ती वस्तु म्हणजे त्यानें पाहिलेल्या भूमीची साक्षच होय. ती साक्ष खोटी निघाली, तर देणारा व घेणारा दोघेही फसतात. म्हणून फ्रान्समधील बर्गंडी या द्राक्षमळ्यांच्या प्रांतांत खाण्यापिण्याच्या वस्तूंची खरेदी कशी करावी, याविषयीं आज चार शब्द सांगण्याचें योजिलें आहे.

आरंभ मोहरीपासून करूं. दिजों हें तेथील मुख्य शहर. त्याच्या नांवाची वाटलेली मोहरी जगप्रसिद्ध आहे. लोणच्यासाठीं फेसलेल्या मोहरीचा झणका ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती परकी वाटणार नाहीं. परंतु बरणीवर 'दिजों' हें नांव दिसलें, म्हणजे मोहरी दिजोंचीच असें समजूं नये. १९३७ च्या फ्रेंच हुकुमानें हें नांव एका कृतीस दिलें, गांवास नव्हे. ती कृति पाळून दुसरीकडे केलेली मोहरीही तें नांव लावूं शकते. तिचे दाणे बहुतांशीं कॅनडांतून येत असत. २०२१ सालीं तेथें अवर्षण पडलें आणि २०२२ सालीं फ्रान्समधील दुकानांच्या फळ्या मोहरीवांचून रिकाम्या दिसूं लागल्या. नांव आपल्या गांवाचें आणि पीक दूरदेशचें, ही गोष्ट तेव्हां घरोघर कळून आली. उलट बरणीवर 'मुतार्द द बूर्गोन्य' असे शब्द असतील, तर दाणे बर्गंडीच्या शेतांतले व त्यांत घातलेली पांढरी वाईनही तेथलीच, अशी हमी २००९ पासून कायद्यानें मिळते. बोन शहरांत १८४० पासून चालत आलेल्या फालो यांच्या कारखान्यांत अजून दगडी जात्यांवर मोहरी दळतात. अशा बरणीस चार पैसे अधिक पडले, तरी दाण्यांचें मोल तेथील शेतकऱ्याच्या पदरांत पडतें.

वाईन घेतांनाही नांवाचीच परीक्षा करावी लागते. येथील द्राक्षमळे लहान लहान तुकड्यांत विभागलेले असून त्यांना स्वतंत्र नांवें व दर्जे आहेत. त्यांस 'क्लिमा' म्हणतात. २०१५ सालीं युनेस्कोनें त्यांना जागतिक वारशांत स्थान दिलें. शांबेर्तँ हा त्यांपैकीं एक अत्युत्तम मळा. जव्रे या गांवानें १८४७ सालीं त्याचें नांव आपल्या नांवास जोडून घेतलें. तेव्हां 'जव्रे-शांबेर्तँ' ही गांवची वाईन. नुसतें 'शांबेर्तँ' असेल तर ती त्या मळ्याची. दोहोंच्या किंमतींत मोठें अंतर असतें. क्लो द वूजो हा मळा सुमारें ५० हेक्टरांचा, पण त्याचे मालक ८० च्या आसपास! म्हणून मळ्याइतकेंच करणाराचें नांवही वाचावें.

आपल्याकडील पुष्कळ घरांत मद्य वर्ज्य असतें. त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. फ्लाव्हिन्यी या डोंगरमाथ्यावरील खेड्यांत, एका जुन्या मठांत, बडीशेपेसारख्या सुगंधी दाण्यावर साखरेच्या पाकाचे थर चढवून पांढऱ्याशुभ्र गोळ्या करतात. हें काम पंधरवडाभर चालतें. ज्या गृहिणींनीं संक्रांतीचा हलवा मंद आंचेवर केला आहे, त्यांना त्यामागील धीराची किंमत सांगावयास नको. दिजोंचा मध व मसाले घातलेला पावही घ्यावा. तो पुष्कळ दिवस टिकतो. कासीस नांवाच्या काळ्या, आंबटगोड फळाचा मुरंबा मिळतो. मात्र 'क्रेम द कासीस' या नांवाखालीं मलई नसून मद्य असतें, हें ध्यानांत ठेवावें. व्रत कडक असेल, तर वाईन घातलेली मोहरीही टाळावी.

बरण्या व बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या पेटींत ठेवाव्या. मोहरीचीही बरणी विमानांत हातच्या पिशवींत नेण्यास अडचण येते.

शब्द वाचला कीं त्याचा अर्थ विचारा, असें मी शाळेंत मुलांना जन्मभर सांगत आलों. बाजारांतही हाच पाठ उपयोगी पडतो. हें कोठें पिकलें, कोणीं केलें, असें दुकानदारास नम्रपणें विचारावें. ज्याला उत्तर देतां येतें, त्याच्याकडून थोडेंच पण खरें घ्यावें. मग घरीं बरणी उघडतांना त्या मातीची हकीकतही मुलाबाळांना निःशंक मनानें सांगतां येईल.