हळू गाणं म्हणजे सोपं गाणं नव्हे

‘माझा आवाज लहान आहे, मला गाता येणार नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी आजचा भाग. ब्राझीलच्या जोआओ जिल्बेर्तोनं १९५८ मध्ये ‘शेगा दी सौदाजी’ जवळपास बोलल्यासारखं गायलं. समोर माइक होता, आवाज फेकायची गरजच नव्हती.

पण हळू म्हणजे सोपं नाही हं! मोठ्या, कंप असलेल्या आवाजात हललेला सूर लपतो. इथे तो लगेच उघडा पडतो. म्हणून ओळ आधी नुसती बोला. मग त्याच आवाजात गा, पण श्वास पुरता घ्या. शब्दांचे शेवट गिळू नका. गिटारवर अंगठा ठोका धरतो, आपण किंचित मागेपुढे राहायचं. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. सूर टिकला, तरच आवाज आणखी कमी करा.