रंधा, सरस आणि आपली मुले

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज मी रंध्याविषयी बोलणार आहे. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर सुताराच्या हत्याराचे काय काम, असे कुणाला वाटेल. परंतु हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, असे हदीसमध्ये आले आहे. तेव्हा या हत्याराचे नाव घेण्यात कमीपणा नाही.

घरचीच हकिकत सांगतो. मुलांच्या अभ्यासासाठी सागवानी टेबल करवून घेतले. वरचा भाग दोन फळ्या जोडून केलेला होता. पहिल्याच पावसाळ्यात जोड उघडला. कारागीर म्हणाला, "सरस खराब निघाला." मी ती कड उजेडात नेऊन पाहिली. सरसाचा अख्खा पापुद्रा एका फळीला चिकटलेला, आणि दुसरीची कड चकचकीत, कोरडी! सरसाने तिला धरलेच नव्हते. चांगल्या जोडात लाकडाचे तंतू उखडतात, पण सरस सुटत नाही. दोष रंध्याच्या बोथट पात्याचा होता.

याचे कारण काय? लाकूड म्हणजे अतिसूक्ष्म नळ्यांची जुडी. धारदार पाते या नळ्या स्वच्छ कापते, पातळ सरस त्यांत किंचित शिरतो आणि वाळल्यावर घट्ट धरतो. बोथट पाते कापत नाही, चिरडते. फळी हाताला गुळगुळीत लागते, पण नळ्यांची तोंडे मिटलेली असतात आणि वरचा थर दुबळा झालेला असतो. पावसाळ्यात लाकूड फुगले की असा जोड प्रथम सुटतो.

मग फळी खरबरीत ठेवावी काय? पुष्कळांची तशी समजूत आहे. गिलाव्यासाठी भिंतीला टाचे मारतात, ते योग्यच. पण दोन खरबरीत फळ्या केवळ उंचवट्यांवर टेकतात. मधल्या पोकळीत सरसाचा जाड थर साचतो, आणि जाड थर कमजोर असतो. फळ्या सपाट, सरस कागदासारखा पातळ आणि दाब सारखा, हे सूत्र लक्षात ठेवावे.

परीक्षा अगदी सोपी आहे. रंधलेल्या फळीवर पाण्याचा थेंब टाका. तो लवकर पसरून मुरला, तर फळी तयार आहे. मण्यासारखा उभा राहिला, तर पात्याला धार लावून पुन्हा हलका रंधा मारा. सागात तेलकट अंश असतो व तो काही काळाने पृष्ठभागावर येतो. म्हणून साग ज्या दिवशी रंधावा, त्याच दिवशी जोडावा.

पूर्वी जनावरांच्या कातड्याहाडांचा सरस शिजवून वापरत. 1959 साली फेव्हिकॉल आले आणि ती खटपट गेली. हल्ली रंधाही विजेवर चालतो. परंतु पात्याला धार हवी, हा नियम बदललेला नाही.

पालकहो, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात आणि ठाणे-डोंबिवलीच्या नव्या इमारतींत या कामाला मागणी आहे. म्हणून कुणी आठवीतल्या मुलाची शाळा सोडवून त्याला मामूच्या हाताखाली धाडतो. त्याचा हात तयार होतो, पण जोड का सुटला ते त्याला सांगता येत नाही. दुसरीकडे, शाळेतला मुलगा वनस्पतीच्या पेशी पाठ करतो, पण त्याने कधी फळीला हात लावलेला नसतो. दोघांचेही नुकसानच. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, त्याची चौकशी जरूर करा. मात्र शाळा अर्ध्यावर सोडवू नका.

विद्यार्थ्यांनो, येत्या रविवारी एखाद्या सुताराकडे जा, अदबीने परवानगी घ्या, थेंबाचा प्रयोग करा आणि वहीत लिहा.

अल्लाह आपल्या मुलांना इल्म आणि हुनर दोन्ही देवो. आमीन.